परदेशातील विद्यार्थी आणि घरचा प्रश्न

घरातील मुलगा किंवा मुलगी शिकण्यासाठी परदेशी निघाली म्हणजे आप्तेष्टांत ज्या चौकशा होतात, त्या बहुधा ठरलेल्या असतात. विद्यापीठ कोणते, खर्च किती, राहण्याजेवण्याची सोय काय आणि पदवी घेतल्यावर नोकरी कोठे, या चार गोष्टींची उत्तरे समाधानकारक मिळाली, की वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. पाचवी चौकशी मात्र आम्ही क्वचितच ऐकली आहे. हा विद्यार्थी जाताना कोणता प्रश्न बरोबर घेऊन चालला आहे, असे कोणी विचारीत नाही. परदेशचे विद्यापीठ पदवी देऊ शकते, ग्रंथालय देऊ शकते, विद्वान गुरूही देऊ शकते. परंतु ज्याचा शोध घ्यावयाचा तो प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः न्यावा लागतो. विद्यापीठाने तो दिलाच, तर तो विद्यापीठाचा असतो. विद्यार्थी त्याचा केवळ हमाल होतो.

हे म्हणणे नुसते तात्त्विक वाटू नये म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही चार महाराष्ट्रीय विद्यार्थ्यांची उदाहरणे घेत आहोत. आनंदीबाई जोशी, श्रीधर व्यंकटेश केतकर, भीमराव रामजी आंबेडकर आणि इरावती कर्वे ही ती चार नावे होत. १८८३ ते १९३० या सत्तेचाळीस वर्षांचा हा काळ आहे. चौघांचीही कीर्ती वाचकांस ठाऊक आहे, म्हणून तिचा विस्तार आम्ही करीत नाही. येथे पाहावयाचे आहे ते त्यांच्या विद्यार्थिदशेतील काम. चौघांनीही ते वयाच्या विशी-पंचविशीच्या दरम्यान केले, आणि चौघांनीही ते परक्या भाषेत लिहिले. स्वतंत्र संशोधन म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्यांच्या हकीकतींतून निघते. आणि पहिल्या तीन हकीकतींवरून जे उत्तर सहज सुचते, त्यात चौथीमुळे थोडा फेर करावा लागतो.

२

प्रथम हे सांगितले पाहिजे की, अशा कामासाठी त्या वेळी परदेशी जाण्याची गरज का पडावी. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या धर्तीवर स्थापन झाले. त्याचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. शिकविणे कॉलेजांकडे होते, आणि कॉलेजांत नेमलेले ग्रंथ नेमलेल्या वेळात पुरे करून घेतले जात. पदवीधर झालेल्या मनुष्यास पुष्कळ माहिती असे; परंतु माहिती कशी निर्माण होते, पुरावा कसा तपासावा आणि विद्वानाचे मत खोडावयाचे झाल्यास ते कोणत्या रीतीने खोडावे, याचे रीतसर शिक्षण त्यास मिळत नसे. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा स्वतंत्र अध्यापनविभाग या विद्यापीठात १९१९ साली निघाला. तोपर्यंत या विषयांत संशोधन शिकू इच्छिणाऱ्यास समुद्र ओलांडण्यावाचून फारसा मार्ग नव्हता.

तिकडे जर्मनीत एकोणिसाव्या शतकात निराळी पद्धती रूढ झाली होती. तीत विद्यार्थी गुरूसमोर नुसता ऐकत बसत नसे. तो आपल्या शोधाचा निबंध लिहून आणी, दहाबारा सहाध्यायांपुढे वाची, आणि त्यावर सर्वजण आक्षेप घेत. या बैठकीस सेमिनार म्हणत. १८७६ साली बाल्टिमोर येथे निघालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ही पद्धती अमेरिकेत नेली आणि कोलंबिया, कॉर्नेल इत्यादी विद्यापीठांनीही ती उचलली. या बैठकीत वसाहतीतून आलेल्या विद्यार्थ्यासही आपले मत मांडावेच लागे; गप्प बसणे ही तेथे सभ्यता समजली जात नसे.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की, परदेशी गेल्याखेरीज संशोधन होतच नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. ही साधने कोणत्याही विदेशी ग्रंथालयातून आलेली नाहीत. ती गावोगावच्या वाड्यांतून आणि माळ्यावरच्या दप्तरांतून त्यांनी पायपीट करून गोळा केली. प्रश्न जवळ असला म्हणजे मनुष्य साधने शोधून काढतो, याचे राजवाड्यांहून मोठे उदाहरण नाही. परंतु कित्येक प्रश्नांची साधने गावात मिळत नाहीत, आणि कित्येक प्रश्न असे असतात की, ते गावात मोठ्याने विचारताही येत नाहीत. आमचे चार विद्यार्थी अशा प्रश्नांचे धनी होते.

३

आनंदीबाईंचा जन्म १८६५ साली झाला. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला आणि अर्भकाला योग्य वैद्यकीय मदत मिळण्याची सोय त्या काळी बहुतेक घरांत नव्हती. पुरुष डॉक्टरपुढे स्त्रीने दुखणे सांगावयाचे नाही आणि स्त्री डॉक्टर तर मिळावयाची नाही, या कोंडीत किती जीव गेले असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही. १८८३ साली कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहो याचा खुलासा केला. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची आवश्यकता आहे, हे त्या भाषणातील मुख्य सूत्र होते. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या.

त्या काळच्या अमेरिकन वैद्यक महाविद्यालयांत पदवीपूर्वी प्रबंध लिहावा लागे. विषय विद्यार्थ्याने निवडावयाचा असे. आनंदीबाईंनी आर्य हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. जुने आयुर्वेदीय ग्रंथ आणि नवी अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार त्यांनी त्यात घेतला आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

हा विषय निवडणे सोपे नव्हते, हे लक्षात घ्यावे. एखादा युरोपीय विषय घेतला असता, तर पुस्तके हाताशी होती आणि परीक्षकांचेही समाधान झाले असते. उलट, आपल्या देशाच्या प्राचीन वैद्यकाविषयी लिहिणाऱ्यापुढे दोन मोह उभे असतात. यजमानांस बरे वाटावे म्हणून आपले सर्व काही निंद्य ठरविणे हा एक, आणि मान राखावा म्हणून आपले सर्व काही थोर ठरविणे हा दुसरा. दुसऱ्या मोहाचे वारे त्या पिढीत जोराने वाहत होते, आणि एकवीस वर्षेही पुरी न झालेल्या विद्यार्थिनीस ते मुळीच लागले नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते इतकेच की, ज्या अनुभवाने तिचे मूल नेले, तोच तिने अभ्यासाचा विषय केला. दुःखाची कहाणी सांगून सहानुभूती मिळविणे तिला सहज शक्य होते. तिने ग्रंथ उघडले.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या चरित्राला आपण पुष्कळ हार घातले, नाटके केली, चित्रपटही काढले. त्यांच्या प्रबंधात काय लिहिले आहे, हे वाचण्याची उत्सुकता मात्र त्या मानाने फारच थोड्यांनी दाखविली. संशोधक स्त्रीला आपण प्रथम पुण्यवती करून टाकतो, आणि मग तिचे लेखन वाचण्याची गरज राहत नाही.

४

आनंदीबाईंनंतर सुमारे वीस वर्षांनी, १९०६ साली, श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील इथाका या लहानशा गावी कॉर्नेल विद्यापीठात शिकू लागले. १९०९ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील आपला इंग्रजी ग्रंथ इथाका येथेच प्रसिद्ध केला. १९११ साली त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. मनुस्मृतीचा काळ त्यांनी इसवी सनाचे तिसरे शतक हा मानला, आणि त्या शतकातील समाजस्थितीविषयी ही स्मृती काय साक्ष देते, याची छाननी केली.

साक्ष हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण तो ग्रंथाच्या नावातच आहे. ज्या ग्रंथाकडे एक पक्ष आज्ञा म्हणून पाहत होता आणि दुसरा पक्ष अपराध म्हणून पाहत होता, त्याला केतकरांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. साक्षीदार खरे बोलतो की खोटे, त्याला स्वतःला काय माहीत होते, ऐकीव काय होते आणि काय व्हावे अशी त्याची इच्छा होती, हे प्रश्न त्याला विचारता येतात. आज्ञेला ते विचारता येत नाहीत. पुण्यामुंबईच्या वादविवादांत हे करू जाणाऱ्यास दोन्ही पक्षांनी ओढले असते. इथाकाच्या थंडीत हा गलबला पोहोचत नव्हता, आणि तो अवकाश केतकरांच्या कामी आला.

ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी मानववंशशास्त्राच्या मूलगामी दोषांवर एक परिशिष्ट जोडले आहे. त्याचे मर्म समजण्यासाठी काळ ध्यानात आणावा. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख सर हर्बर्ट रिस्ले हे नाकाची लांबीरुंदी मोजून जातींचा वंश ठरवू पाहत होते, आणि सामाजिक श्रेष्ठकनिष्ठतेच्या क्रमाने जाती लावण्याचा उद्योग त्या शिरगणतीत झाला होता. सत्ताधाऱ्यांचे शास्त्र ते, आणि त्याला मोठमोठ्या विद्वानांचे पाठबळ. केतकरांनी साफ सांगितले की, अमुक कुळ वंशाने आर्य की द्राविड, ही चिंता हिंदुस्थानातील लोकांना परकीय विद्वानांनी रेघ ओढीपर्यंत कधी पडलीच नव्हती. हे विधान सर्वस्वी मान्य असो वा नसो. विद्यार्थ्याने ते छापून प्रसिद्ध करावे यात धैर्य होते.

५

केतकरांचा ग्रंथ निघाल्यास सात वर्षे झाली होती. त्याच न्यूयॉर्क राज्यात, पण शहरात, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने हिंदुस्थानातील जातींची घडण, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आलेले भीमराव आंबेडकर ते हेच. पुढल्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला.

या निबंधात आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या घेतल्या आणि एकेकीची परीक्षा केली. केतकरांविषयी त्यांनी आदराने लिहिले आहे. एतद्देशीय असून चिकित्सक बुद्धीने आणि मोकळ्या मनाने ते या विषयाकडे पाहतात, असा त्यांचा अभिप्राय आहे. वर्णाला, म्हणजे कातडीच्या रंगाला, युरोपीय पंडितांनी अवास्तव महत्त्व दिले, या बाबतीत ते केतकरांचाच हवाला देतात. परंतु आदर दाखवून ते थांबले नाहीत. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: जातीत जन्मलेल्यांनाच तिचे सभासदत्व असते, आणि जातीबाहेर विवाहाला सक्त बंदी असते. आंबेडकरांनी दाखवून दिले की, ही लक्षणे दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह बंद केला, की बाहेरच्याचे मूल आत येण्याचा मार्ग आपोआपच बंद होतो. म्हणजे मूळ लक्षण एकच, जातीतल्या जातीत विवाह.

एवढी एक कडी हाती लागताच त्यांनी पुढची साखळी उलगडली. जात टिकवावयाची तर तिच्यातील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला तर एक स्त्री जास्त होते, बायको मेली तर एक पुरुष जास्त होतो, आणि हा जास्तीचा मनुष्य जातीबाहेर पाहू लागण्याचा धोका उत्पन्न होतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली त्यांच्या मते हा धोका टाळण्याच्या युक्त्या होत. ज्या चालींवर शंभर वर्षे आपण दयेच्या, धर्माच्या आणि सुधारणेच्या भाषेत भांडलो, त्यांचा जातिसंस्थेच्या यंत्रणेशी असलेला संबंध सेमिनारमधील त्या निबंधात उघड मांडला गेला. बालविवाहाने ज्यांचे आयुष्य बांधले गेले त्या आनंदीबाईंची येथे वाचकांस आठवण व्हावी. त्यांनी प्रसूतीच्या खोलीतून पाहिलेला प्रश्न आंबेडकर समाजाच्या रचनेतून पाहत होते.

हा प्रश्न आंबेडकरांना कोणत्याही पुस्तकाने सुचविला नव्हता. शाळेत तो त्यांच्याबरोबर बसला होता, पाण्याच्या माठापाशी उभा राहिला होता. परंतु निबंधात स्वतःच्या दुःखाचा उल्लेख शोधूनही सापडावयाचा नाही. व्याख्या, पूर्वपक्ष, खंडन आणि सिद्धान्त या क्रमाने ते जातात. आपल्या जुन्या शास्त्रीय वादपद्धतीचाच हा क्रम आहे, आणि ज्या वर्गाला ती पद्धती शिकण्याची बंदी होती, त्यातील विद्यार्थ्याने तिचा उपयोग ती बंदी घालणाऱ्या व्यवस्थेच्या चिकित्सेसाठी केला. दोन मराठी विद्यार्थी, एक ब्राह्मण कुळातला आणि एक महार कुळातला, जातीविषयी परस्परांशी समान भूमिकेवरून वाद घालीत आहेत, असा प्रसंग त्या काळी महाराष्ट्रातील कोणत्या सभेत घडला असता? तो अमेरिकेच्या एका राज्यात, छापील पानांवर घडला. परदेशाने या दोघांना दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच होय, असे आम्हांस वाटते.

तथापि परदेश ही काही कायमची सावली नव्हे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली आंबेडकरांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती, ते जर्मन पाणबुडीने बुडविले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तो राहावयास जागा मिळेना. ज्या विद्यार्थ्याने जातीच्या यंत्रणेची फोड करून दाखविली, त्याला त्या यंत्रणेने परत येताच आपला दाखला दिला. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स झाले आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला. चलनव्यवस्थेविषयी त्यांनी केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध बाजू घेतली होती. त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीतच सांगून टाकले की, लेखकाच्या टीकेतील पुष्कळ भाग आपणांस मान्य नाही. मान्य नसलेल्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारा गुरू आणि ती आनंदाने छापणारा शिष्य, ही जोडी आम्हां अध्यापकांनी नित्य डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहे.

६

येथपर्यंतच्या तीन उदाहरणांवरून असे वाटेल की, घरचा प्रश्न घेऊन जाणे हेच स्वतंत्र संशोधनाचे रहस्य. परंतु चौथे उदाहरण निराळे आहे. इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला गेल्या. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी चित्पावनांवर निबंध लिहिला होता. तो विषय घरचा होता. बर्लिनला मात्र त्या कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननविषयक शाखेत ऑयगेन फिशर यांच्या विद्यार्थिनी झाल्या, आणि मनुष्याच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमता हा विषय त्यांच्या वाट्यास आला. विषय गुरूचा, साहित्य गुरूच्या संस्थेचे, आणि अपेक्षित उत्तरही गुरूच्या मनात तयार. युरोपीयांच्या कवटीची ठेवण इतरांहून भिन्न असून तिच्यात त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण आहे, या कल्पनेला मापांचा आधार मिळावा, अशी ती अपेक्षा होती.

ज्या कवट्यांवर युरोपातील असे संग्रह उभे होते, त्यांत वसाहतींतून आणलेल्या कवट्याही असत. ज्यांच्या त्या होत्या, त्यांस किंवा त्यांच्या नातलगांस कोणी विचारले नव्हते. गुलाम देशातून आलेली तेवीस-चोवीस वर्षांची विद्यार्थिनी अशा सुमारे दीडशे कवट्या मोजीत बसली आहे, हे चित्र वाचकांनी कल्पावे. तिला विषय बदलण्याची मुभा नव्हती, आणि अपेक्षित उत्तर दिल्यास कोणी तिला दोष दिला नसता. मोजमापे झाल्यावर तिने निष्कर्ष लिहिला तो असा की, कवटीची असमता आणि वंश यांचा संबंध दिसत नाही. १९३० साली तिला डॉक्टरची पदवी मिळाली.

पुढे काय झाले, हे आज आपणांस ठाऊक आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या संस्थेने नाझींच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राचा शिक्का पुरविला. माणसांना मोजून त्यांच्या जगण्याचा हक्क ठरविण्यापर्यंत मजल गेली. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाने तो अनर्थ टळणे शक्य नव्हते. परंतु त्या संस्थेच्या स्वतःच्या कपाटातील कवट्यांनी दिलेली उलट साक्ष त्या प्रबंधात नमूद झाली, आणि ती नमूद करणारी व्यक्ती बाहेरून आलेली होती, याला आम्ही फार महत्त्व देतो. मोजमापाची पद्धती इरावतीबाईंनी पुढेही टाकून दिली नाही. महाराष्ट्रातील जातिजमातींच्या अभ्यासात त्यांनी ती वापरली. म्हणजे त्यांचा विरोध हत्याराशी नव्हता, हत्याराकडून आधीच ठरविलेला जबाब वदवून घेण्याशी होता.

येथे आणखी एक धागा जुळतो. रिस्लेच्या नाकमोजणीवर केतकरांनी इथाकास हल्ला केला. आंबेडकरांनी ज्यांच्यापुढे निबंध वाचला, त्या गोल्डनवायझरांचे गुरू फ्रान्झ बोआस यांनी १९११ च्या सुमारास दाखविले होते की, अमेरिकेत जन्मलेल्या परदेशस्थांच्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांहून बदलते, म्हणजे कवटी ही वंशाची अढळ मोहोर नव्हे. आणि इरावतीबाईंनी बर्लिनला, त्या समजुतीच्या बालेकिल्ल्यातच बसून, मोजपट्टीने तिचा एक चिरा काढला. तीन मराठी विद्यार्थी, तीन विद्यापीठे, आणि मनुष्याची किंमत त्याच्या जन्मावरून करणारी एकच समजूत. तिघांनी तिला निरनिराळ्या दारांनी गाठले.

७

आता प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर थोडे दुरुस्त करून मांडता येईल. घरचा प्रश्न घेऊन जाणारा विद्यार्थी भाग्यवान खरा, कारण कष्टांची धग त्याला घरूनच मिळते. परंतु प्रश्न गुरूने दिला म्हणून विद्यार्थी परतंत्र झाला, असे नाही. त्याच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी पुरावा अपेक्षेविरुद्ध जाऊ लागतो त्या क्षणी लागते. आपण ज्याला पूज्य मानतो त्या पूर्वसूरीचे मत असो, आपल्याला पदवी देणाऱ्या गुरूचे असो, की आपल्या स्वतःच्या लाडक्या अभिमानाचे असो, पुरावा जेथे नेईल तेथे जाण्याची ज्याची तयारी आहे, तो स्वतंत्र. ज्याची नाही, त्याने विषय स्वतः निवडला असला तरी त्याचे काम नकलेचेच.

आणि परका प्रश्नही आपला करता येतो. एलेनर झेलियट या अमेरिकन विद्यार्थिनीने आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ हा विषय घेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ साली डॉक्टरची पदवी मिळविली, आणि पुढे उभे आयुष्य महाराष्ट्राच्या अभ्यासात घालविले. ज्या विषयाकडे त्या वेळी आपल्याच विद्यापीठांतील पुष्कळांनी पाठ फिरविली होती, तो तिने समुद्रापलीकडून येऊन उचलला. कोणाचा प्रश्न कोणी घ्यावा, यावर मक्ता नसतो. घेतल्यावर त्या घरात जाऊन बसण्याची तयारी मात्र पाहिजे.

दुसरी गोष्ट परत येण्याची. आम्ही येथे देहाने परतण्याविषयी बोलत नाही. तो ज्याच्या त्याच्या परिस्थितीचा प्रश्न आहे. परकीय भाषेत लिहिलेले संशोधन आपल्या माणसांच्या भाषेत परत येते की नाही, हा आमचा प्रश्न आहे. केतकरांनी इंग्रजीतून सुरुवात केली आणि पुढे तेवीस खंडांचा ज्ञानकोश मराठीत उभा केला. आंबेडकरांनी दोन परदेशवाऱ्यांच्या मधल्या काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' सुरू केले. बर्लिनहून जर्मन प्रबंध लिहून आलेल्या इरावतीबाईंचे मराठी ललितलेख आणि 'युगान्त' घराघरांत वाचले गेले. आनंदीबाईंना मात्र ती संधी मृत्यूने दिली नाही. या तिघांनी परदेशी मिळविलेले ज्ञान मराठीत ओतले नसते, तर ते तिकडच्या ग्रंथालयांच्या फडताळांत राहिले असते आणि आपण त्यांच्या नावाचे नुसते जयजयकार करीत बसलो असतो.

आज परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची वाट पूर्वीपेक्षा पुष्कळच रुळलेली आहे, आणि तेथील महाविद्यालये पदवीपूर्व वर्गांतील मुलामुलींसही स्वतंत्र संशोधनाचे काम करण्यास उत्तेजन देतात. परंतु आमच्या वर्गात बसलेले बुद्धिमान विद्यार्थी निघण्यापूर्वी भेटावयास येतात, तेव्हा ते विचारतात ते असे की, कोणता विषय घेतला असता प्रवेश लवकर मिळेल आणि कोणत्या प्राध्यापकाकडे पैसा जास्त आहे. हा दोष त्यांचा एकट्यांचा नाही. कर्ज काढून मुलास पाठविणाऱ्या बापाने परतफेडीची चिंता करावी, हे स्वाभाविकच आहे, आणि ती चिंता आम्ही हलकी लेखीत नाही. आंबेडकरांनाही पैशाअभावी लंडन सोडावे लागले, हे वर आलेच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्या चार चौकशांच्या शेवटी ही पाचवीही घरात एकदा व्हावी. तिचे उत्तर मुलाजवळ त्या दिवशी तयार नसले तरी चालेल. ज्या घरात प्रश्न विचारल्याबद्दल मूल रागे भरले जात नाही, त्या घरातून निघालेल्या विद्यार्थ्याला तो वाटेत सापडतो. आणि तिकडून त्याचे जे पहिले लेखन येईल, ते कौतुकाने कपाटात ठेवून न देता आईबापांनी वाचावे, न समजेल ते विचारावे, पटणार नाही तेथे वाद घालावा. आनंदीबाईंच्या प्रबंधाला जे आपण दिले नाही, ते निदान आपल्या मुलांच्या लेखनास देणे आपल्या हाती आहे.